बाभळीची उटी

अनगोळ, १२ जून २०२४

शामू,

फोन तू उचलत नाहीस. आधी वाजून वाजून बंद व्हायचा, आता दोन रिंगांतच कट होतो. म्हणजे फोन तुझ्या हातात असतो एवढं कळतं, तेवढ्यावर मी भागवतो. तुझी वहिनी म्हणाली, "अवो, कागदावर लिवा. कागद कट करता येत न्हाय." सुनंदा सातवी शिकली, पण अक्कल माझ्यापेक्षा जास्त, हे तू नेहमी म्हणायचास. मागे एकदाच घरी पत्र लिहिलं होतं, फाउंड्रीत वाळू चाळायला लागलो तेव्हा, पंधरा वर्षांचा असताना. पत्र आप्पांच्या नावानं होतं आणि वाचून दाखवलं होतंस तू.

काल मला घरी आणलं. दोन्ही नडग्या गेल्या होत्या. डाव्या पायात आतून सळई घातलीय. उजव्याभोवती चार रिंगा आणि त्यांच्यातून हाडात आरपार गेलेल्या अकरा तारा. लोक बघायला येतात आणि तोंड फिरवतात. मी मात्र काम बघतो. माल चांगला आहे, पॉलिश एकसारखं, आटे स्वच्छ. आपल्या हातून एवढं बारीक काम झालं नसतं.

डॉक्टर राघवेंद्र म्हणून आहेत, धारवाडकडचे. त्यांनी विचारलं, "रथाचं चाक पायावरून गेलं म्हणजे कसं? तुम्ही ओढत होता?" म्हटलं, नाही साहेब. आम्ही ओढणारे नव्हे, थांबवणारे. गावात बारा वर्षांनी लक्ष्मीची जत्रा असते. रथ उताराला लागला की पुढच्या चाकाखाली पाचर सारायची, तिला उटी म्हणतात. चार पिढ्या तो मान आमच्या घरात. उजव्या चाकाला थोरला, डाव्या चाकाला धाकटा. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही रथाचे ब्रेक." मी हसलो. हसण्याची कळ थेट टाचेत गेली.

समर्थला जाऊन आज सात आठवडे झाले. तुझा पोरगा माटीला दिला तेव्हा मी बेशुद्ध होतो, दिवसकार्याला यायला पाय नव्हते. हे तुला माहीत आहे. दर शनिवारी कंपनीतून सुटला की तो इथं जेवायला यायचा. जिन्यात बूट वाजले की सुनंदा तव्यावर भाकरी टाकायची. अजून शनिवारी संध्याकाळी ती तवा ठेवते आणि मग उतरवते. 

झालं ते कुणामुळे झालं याचा मी पडून पडून विचार करतो. शाळेचा उतार पूर्वी मातीचा होता, आता पंचायतीनं सिमेंट केलं. त्यावर भंडारा उधळलेला, नारळाचं पाणी सांडलेलं. ढोल थांबायच्या आत दोरवाल्यांनी ओढ दिली. एवढ्यात उटी काय करणार? उटी माझी ठणठणीत होती, अजून आहे. माझ्या भट्टीवरच्या साईराजनं ती गावातून आणून फाउंड्रीच्या दाराशी ठेवलीय. बुडाला एक ओरखडा सोडला तर काही झालेलं नाही तिला.

समर्थच्या आईला, जयाबाईला जपायला सांग.

तुझा अण्णा


अनगोळ, ५ ऑगस्ट २०२४

शामू,

रोज सकाळी केतकी नावाची मुलगी व्यायाम करवून घ्यायला येते. वकिलाची पोर आहे, दिसायला नाजूक आणि हाताला पैलवान. तिची स्कूटर गल्लीच्या तोंडाला वळली की मला इथं घाम फुटतो. "काका, अजून पाच डिग्री." मी म्हणतो, बाई, मी माल पास करताना अशी घासाघीस कधी केली नाही. ती म्हणते, "काका, माल ओरडत नव्हता ना." 

कान मात्र शाबूत आहेत. मागच्या आठवड्यात वेळ जात नव्हता म्हणून चमच्यानं एकेक रिंग वाजवून बघत होतो. तिसऱ्या रिंगेचा आवाज बसका आला. डॉक्टरांना फोन केला, साहेब, तार ढिली आहे. ते म्हणाले, एक्स-रे काढल्याशिवाय असं कसं सांगता? नेऊन बघितलं तर खरंच ढिली. अख्ख्या वॉर्डात बातमी झाली. कास्टिंगवर हातोडी मारून आतली चीर ओळखायची, चाळीस वर्षं एवढंच तर केलं मी. त्यावरच मोठा झालो. दुसऱ्याच्या भट्टीतला माल वाजवून सांगायचो आणि मालक लोकांची जिरायची.

ऋतिका हल्ली शनिवारी येते. पिरनवाडीला मैत्रिणीबरोबर खोली घेतलीय तिनं, लॅबमधलं काम बरं चाललंय. भावाची जागा भरून काढायला येते हे मला कळतं, पण तिचे पाय जिन्यात वाजत नाहीत. चप्पल खालीच काढून येते. 

तिला विचारलं, माझं पत्र पोचलं का गं? म्हणाली, "पोचलंय, मोठे काका. बियाण्याच्या डब्यावर ठेवलंय."

"फोडलं?"

"न्हाय."

मग तिनं आणखी एक सांगितलं. तू येईल त्याला म्हणतोस की पोराला टेंपोतून आप्पांची उटी आण म्हणून सांगितलं, एवढी हातभर उटी त्याला दिसली नाही, दिसली असती तर रथ थांबला असता आणि तो वाचला असता. जयाबाई म्हणते, गेलेल्या लेकराला बोल लावू नका. तू म्हणतोस, "लावणारच. आंधळं होतं ते."

मी ऋतिकाला चहा टाकायला सांगितलं.

एक डोक्यात आहे. गावाच्या वेशीत समर्थच्या नावाची कमान उभी करू. ओतीव अक्षरं मी स्वतः करून घेतो, पन्नास वर्षं गंजणार नाहीत अशी. तू फक्त हो म्हण.

अण्णा


अनगोळ, ४ नोव्हेंबर २०२४

शामू,

दिवाळी झाली. इथं पणती लावली नाही, तिथंही लावली नसणार.

रिंगा काढल्या. पाय बघितले आणि मलाच ओळख पटेना, उसाच्या वाळक्या कांड्यासारखे. केतकीनं दोन्ही काखेत हात घालून उभं केलं. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मोजले, एकोणीस ठोके उभा राहिलो. सुनंदा स्वयंपाकघरात जाऊन रडली. नळ सोडून रडली, म्हणजे मला ऐकू जाऊ नये. इतक्या वर्षांच्या संसारात तिला अजून माझा कान कळला नाही.

कमानीबद्दल तुझं उत्तर आलं नाही. बरंच झालं. मूर्खपणा होता तो. मला प्रत्येक गोष्टीवर ओतीव अक्षरं लागतात.

गावातून नागेंद्र आणि आणखी दोघे पंच भेटायला आले होते. सफरचंदं आणली, पाय बघून च्च च्च केलं, पाणी प्यायले. नंतर नागेंद्र म्हणाला, "अण्णा, पंचात असं ठरलं, की उटीचा मान पुढच्या जत्रेपासून खालच्या गल्लीतल्या भावकीला द्यायचा. तुमचं मन दुखावू नये म्हणून सांगाय आलोय." मी म्हटलं, दुखवायला मन कुठं आहे, सगळं पायात आहे. ते हसले. मी विचारलं, शामूला सांगितलं? "आधी त्याच्याकडंच गेलतो." काय म्हणाला? "म्हणाला, घेऊन जावा."

दोनच शब्द. चार पिढ्यांचा मान तू दोन शब्दांत देऊन टाकलास. तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि चौथ्या दिवशी मी कबूल केलं की दुसरं काय म्हणणार होतास?

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची राहिली. राहिली असं नाही, मी टाळली. जत्रेच्या आधी तू फाउंड्रीत आलतास. बिडाच्या नव्या ओतीव उट्या करायचं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. नमुन्याला म्हणून आप्पांच्या बाभळीच्या दोन्ही उट्या तूच आणून दिल्या होत्यास आणि त्यांच्यावरूनच साचा घेतला. नवी उटी मी तुझ्या हातात दिली. वर देवीचं नाव, खाली माझं. रंग देऊन चकचकीत केलेली. हातोडी मारली, देवळातल्या घंटेसारखी वाजली. म्हटलं, ऐक. मग आप्पांच्या उटीवर मारली. ठप्प. म्हटलं, हे बघ, हिच्यात जीव राहिला नाही.

तू दोन्हींवरून तळवा फिरवलास. म्हणालास, "वाजती झकास. पण अण्णा, लाकूड भुईला चावतंय. बीड चावत न्हाय."

मी म्हटलं, "शामू, तू भात लाव."

साईराज आणि पोरं हसली. तू पण हसलास, हे मला जास्त लागलं. मग जाताना दारातून वळून म्हणालास, "बरं, तुमच्या मनासारखं हुंदे. पण आप्पांच्या उट्या टेंपोत असू देत. संगट असल्या म्हंजे बरं."

"टाकतो," म्हटलं मी.

हात दुखायला लागला. थांबतो.

अण्णा


अनगोळ, १७ जानेवारी २०२५

शामू,

उजवं हाड धरलेलं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावून दाखवलं, दोन टोकं समोरासमोर आहेत आणि मध्ये काळी फट. म्हणाले, "नऊ महिने झाले तरी एकमेकांकडे बघतायत फक्त, जुळत नाहीत." त्यांना आपलं काय ठाऊक? कमरेचं हाड खरवडून फटीत भरलं. परत दीड महिना पाय टेकायचा नाही. मी म्हटलं, साहेब, हे किती दिवस? ते एकदम कानडीवर आले, "स्वल्प स्वल्प, यजमान्रे, अवसर बेडा." थोडं थोडं करून होईल, घाई नको म्हणे. 

संक्रांतीला ऋतिका तिळगूळ घेऊन आली. हातात दिला आणि बोलली काही नाही. मी म्हटलं, बोल की गोड. तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तिनं जे सांगितलं ते इथं लिहितो, म्हणजे मला किती ठाऊक आहे ते तुला कळेल. समर्थचा फोटो तिनं मोठा करून, काच बसवून आणला. सोप्यात आप्पांच्या फोटोशेजारी लावायचा म्हणून जयाबाईनं खिळा आणि हातोडी तुझ्यापुढं ठेवली. तू म्हणालास, "खिळा ठोकायचा न्हाय. त्याला माझी उटी दिसली न्हाय, मला त्याचं तोंड बघायचं न्हाय." जयाबाईनं फोटो आत नेला. आता तो तांदळाच्या कणगीला टेकून उभा आहे, आणि ती तुला ताट वाढते पण तुझ्यासंगं जेवत नाही. रात्री तू परड्यात एकटाच बोलत असतोस. ऋतिकानं ऐकलंय. म्हणतोस, "डोळं फुटल्यात व्हय रं? परत बघ." तेच तेच. 

शामू, हे शब्द मी ओळखतो. मी तिथं होतो.

ऋतिका म्हणाली, "मोठे काका, बाबा त्याच्यावर चिडल्यात का स्वतःवर, कळंना झालंय. त्यो गेला तवा शेवटचं ह्येच बोलले हुते त्याला. तुमी तिथंच हुता. खरंच का दिसली नसंल हो त्याला?"

शामू, त्या पोरीनं माझ्याकडं बघून विचारलं. माझ्या डोक्यापाशी पाण्याचा तांब्या होता, तो मी तिला भरून आणायला सांगितला. भरलेलाच होता.

आप्पांच्या उट्या

(इथवर लिहिलं होतं. पुढचं चार दिवस होत नाही. असंच पाठवतो.)


अनगोळ, २४ मार्च २०२५

शामू,

हे पत्र बियाण्याच्या डब्यावर पडू नये म्हणून पोस्टात टाकलेलं नाही. ऋतिकाच्या हातात दिलंय. तिला आत काय आहे ते सांगितलेलं नाही, एवढंच सांगितलंय की बाबा आणि आई दोघं समोर असताना मोठ्यानं वाच, बाबा उठून गेले तर मागं मागं जाऊन वाच. ऋतिका, बाळ, पुढचं वाचताना थांबू नकोस.

टेंपोत उट्या नव्हत्या.

समर्थला दिसल्या नाहीत असं नाही. त्या नव्हत्याच. पोरगं दोन वेळा गेलं, दोन वेळा ताडपत्री उचलून बघितली आणि दोन्ही वेळा खरं सांगितलं.

त्या मी जाळल्या होत्या. नव्या उट्या ओतल्या त्या दिवशी भट्टी पेटवायला लाकूड लागतंच. साईराज जळण रचत होता. साचा तयार झाला होता, नमुन्याचं काम संपलं होतं. मी आप्पांच्या दोन्ही उट्या माझ्या हातानं आत सारल्या. साईराज म्हणाला, "मालक, ह्या जुन्या दिसत्यात, ऱ्हाऊ देत की." मी म्हटलं, जुन्यातनंच नवं निघू दे. मला ते फार भारी वाटलं होतं, शामू. आप्पांच्या आगीतून माझी उटी. ज्या गावात अनवाणी हिंडलो, तिथं बारा वर्षं माझं नाव चाकाखाली. बाभूळ होती ती, दोन पिढ्यांचं तेल प्यालेली, लवकर पेटली नाही. पेटल्यावर बराच वेळ तडतडत होती. तो आवाज मी ऐकला आणि भात्याचं बटण दाबलं.

तू आलतास तो दिवस ओतायच्या आधीचा नव्हे, नंतरचा. मी दोन्ही वाजवून दाखवल्या असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं. त्या दिवशी तुझ्या हातात फक्त बिडाची होती. 'ठप्प' मी तुला तोंडानं करून दाखवलं होतं. आप्पांच्या कुठं हायत, म्हणून तू विचारलंस, तेव्हा म्हटलं, वर माळ्यावर जपून ठेवल्यात. तू म्हणालास, टेंपोत टाका. टाकतो म्हटलं. पत्रातही मी त्या तुझ्यासमोर आणून ठेवल्या, बघ. दहा महिने लिहितोय आणि अजून कास्टिंगवर रंग मारतोय.

आता जत्रेच्या दिवसाचं. शाळेच्या उतारावर रथ लागला, मी उजव्या चाकाला उटी सारली. सिमेंटवर बीड किंचाळलं. तो आवाज ऐकताच मला कळलं. तिथं हजार माणूस होतं, ढोल होता, पण जगात तो आवाज एकट्या मला समजला होता. चाक उटीला ढकलत दोन हात पुढं आलं आणि कशानं तरी अडलं. तेवढा वेळ होता, शामू. सांगतो किती होता. तू डाव्या बाजूनं ओरडलास, "समर्था, टेंपोतली आप्पांची उटी आण!" तो पळाला. आला, म्हणाला, "न्हाय बाबा तिथं." तू ओरडलास, "डोळं फुटल्यात व्हय रं? परत बघ!" तो परत गेला. परत आला. एवढा वेळ होता.

त्या सगळ्या वेळात मी चाकापाशी वाकून होतो आणि तोंड मिटून होतो. "नाहीत, मी जाळल्या," एवढं बोलायला किती लागतं? बोललो असतो तर तू माणसं लांब काढली असतीस, शाळेच्या बांधकामाचे ओंडके आणायला लावले असतेस, मला शिव्या घातल्या असत्यास. पण नागेंद्र उभा होता, पंच उभे होते आणि उटीवर माझं नाव होतं. मला वाटलं, थांबेल. मला वाटलं, कुणाला कळायचंही नाही.

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात शाळेच्या कंपाउंडचा दगड होता. तुझी बोलणी खाऊन रिकाम्या हातानं येववेना त्याला. माझ्याशेजारी वाकला. मला म्हणाला, "मोठे काका, खरंच न्हाय तिथं. शप्पत." मी त्याच्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. मग परत ते किंचाळणं. त्यानं दगड टाकला, माझ्या काखेत हात घातले आणि मागं खेचलं. पाय तेवढे राहिले. तो स्वतः चाक आणि रथाच्या तुळईच्या मध्ये राहिला.

मला सोडून तो बाजूला होऊ शकला असता.

पंचांना, पोलिसांना, डॉक्टरांना मी सिमेंट सांगितलं, भंडारा सांगितला. तू लोकांना पोराचे डोळे सांगितलेस. तुझ्यापुरतं तू खरं बोलत होतास, कारण तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास. अण्णा टाकतो म्हणाला म्हणजे टेंपोत असणारच. भावापेक्षा पोरगं खोटं ठरवलंस तू.

तो खरं बोलत होता, शामू.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. ती चीज मागायची नसते एवढी अक्कल आली. साईराज साक्षीला आहे. पंचांना कागद वेगळा पाठवलाय, आणि ठाण्यात जबाब बदलून द्यायला वकील बोलावलाय, केतकीचे वडील. पुढं काय करायचं ते तू ठरव. फक्त ते पोर कणगीपाशी उभं आहे, त्याला तिथनं काढ.

परशराम


अनगोळ, १५ एप्रिल २०२५

शामू,

हे शेवटचं. यानंतर पोस्टमन तुझ्या दारात माझ्यामुळं यायचा नाही.

त्या पत्राचं काय झालं ते ऋतिकानं सांगितलं. तू उठून गेला नाहीस. सगळं ऐकलंस. एकच ओळ परत वाचायला लावलीस, आणि परत एकदा. कुठली ते तिनं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही. मग तू गोठ्यात गेलास आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसलास. जयाबाईनं पत्र तिच्या हातातून घेतलं, घडी घालून देव्हाऱ्यात ठेवलं आणि माझं नाव घेऊन जे बोलली, ते ऋतिका सांगेना. मी म्हटलं, सांग. सांगितलं तिनं. बरोबर बोलली जयाबाई.

ठाण्यातून दोघे येऊन जबाब घेऊन गेले. पाय बरा झाला की बोलावतील. पाय बरा होतोय. डॉक्टरांनी परवा एक्स-रे लावला, फटीत ढगासारखं पांढरं धरलंय. "कूडतु!" म्हणाले, जुळलं. खूश झाले फार. सुनंदानं त्यांना पेढे दिले आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "मी खूश व्हायचं का न्हाय, ते सांगा." तिला सगळं त्या पत्राच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. माझं जेवण-औषध करते. शनिवारी तवा आता ठेवत नाही.

काल तिथीनं समर्थचं वर्ष होतं. मी यायचा प्रश्न नव्हता. सकाळी दहाला फोन वाजला, ऋतिकाचं नाव. मी हॅलो म्हटलं, पलीकडून बोलणं नाही. मग कळलं, तिनं फोन लावून कुठंतरी, बहुतेक कोनाड्यात, ठेवून दिलाय. मला ऐकायला.

ऐकलं मी. भटजी भांडी आवरत होते. कुणीतरी स्टूल ओढलं. त्याचा एक पाय आखूड आहे, आपल्या सोप्यातलं ते. त्यावर माणूस चढल्याचा आवाज. मग हातोडी. पहिला घाव सावध, दुसरा जरा जोरात. तू आप्पांच्या फोटोशेजारच्या खांबावर मारत होतास, भिंतीवर नव्हे. भिंत अशी वाजत नाही. खिळा आत जाईल तसा आवाज उतरत गेला. शेवटी ठप्प.

मग काचेवरून कापड फिरल्याचा आवाज. आणि तुझा. वर्षात पहिल्यांदा ऐकला तुझा आवाज, शामू, केवढा म्हातारा झालाय.

"न्हवतीच रं तिथं. न्हवतीच. तू दोनदा सांगितलंस मला."

जयाबाई रडली. तू म्हणालास, "चल, जेवू." ताटं मांडल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन. मग चौथं, ते समर्थचं हे कळलं.

फोन ठेवायला पाहिजे होता. ठेववला नाही. कुणाचा तरी हात कोनाड्यात आला, आणि तू विचारलंस,

"ह्यो चालूच हाय की. कोण हाय गं फोनवर?"

ऋतिकाला खोटं बोलायची सवय नाही, तिच्या भावालाही नव्हती.

"कोण न्हाय, बाबा."

फोन बंद झाला. मी खिडकीपाशी उभा होतो. वॉकर पलीकडं कॉटजवळ राहिला होता. दहा-बारा मिनिटं मी कशाला न धरता दोन पायांवर उभा होतो, आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

परशराम